पण डावा पाय बघा!

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, सगळा घोळ तुमच्यामुळे झाला!" माझ्यामुळे? अहो, मी या फुटबॉल क्लबात कपडे सांभाळतो, कपडे! जर्स्या धुवायच्या, वाळत घालायच्या, फाटल्या तर टाके घालायचे, आणि एकाची चड्डी दुसऱ्याच्या पिशवीत गेली की दोघांच्याही शिव्या खायच्या, एवढंच माझं खातं! हां, आणखी एक खातं आहे, ते मला कुणी दिलेलं नाही, मीच बळकावलंय. लोकांची टर उडवायचं. आणि त्या खात्यात, तुम्हाला सांगतो, छाती ठोकून सांगतो, माझ्या तावडीतून आजपर्यंत एकही नवा खेळाडू सुटलेला नाही. एकही नाही! भलेभले आले, डोंगराएवढे आले, सगळे माझ्या हाताखालून गेले!

...म्हणजे, एक सुटला.

बरं, सुटला म्हणजे काय, मीच सोडला. घाबरून सोडला. झालं समाधान? हसा, हसा. ते मधले टक्कलवाले, तुम्ही जरा जास्तच हसताय, तुमच्याकडे मी नंतर येतो.

तर आमचा रिवाज असा, की नवा खेळाडू पहिल्या दिवशी आला की त्याची जर्सी त्याच्या हातात मी द्यायची. इस्त्री करून, घडी घालून, दोन्ही हातांनी, अगदी अदबीने. आणि आदल्या दिवशी त्या जर्सीचा गळा मी आतून शिवून ठेवलेला असतो! जाड दोऱ्याने, दुहेरी टाक्याने. पोरगं बिचारं फुशारलेलं असतं, नवा क्लब, नवा नंबर, घालतं डोक्यातून... हात जातात बाहेर आणि डोकं? डोकं आत! मग दोन्ही हात वर करून, "काका, ओ काका" करत खोलीभर चाचपडायचं, कपाटावर आपटायचं, आणि बाकीच्यांनी बाकांवर मुठी बडवायच्या. एकजण तसाच दार चुकून थेट मैदानावर गेला, आणि लोकांना वाटलं काहीतरी नवीन व्यायाम आहे, त्यांनी टाळ्या दिल्या! एक जाडा गोलकीपर आत रडला हो, खरंच रडला, जर्सीला डोळ्यांपाशी दोन ओले डाग. मी ती तशीच दोरीवर टांगली आणि सगळ्या टीमला दाखवली. दुष्ट? दुष्ट कसला! त्याशिवाय पोरं आपली कशी व्हायची? खुद्द अध्यक्षांनाही मी सोडलं नाही, फक्त त्यांच्या बाबतीत जर्सी पोटावरच अडकली, गंमत गळ्यापर्यंत पोचलीच नाही.

आणि हा एवढा जुना रिवाज मोडला कुणासाठी? तोफ्यासाठी! तुम्ही त्याला तोफ म्हणता, बॅनरवर लिहिता, मी तोफ्या म्हणतो. म्हणजे तो आसपास नसला की म्हणतो.

आता असं तोंड वाकडं करू नका. परवाच्या मॅचला तुम्ही होतात. दोन गोल मारले त्याने, दुसरा तर पार कोपऱ्यातून, आणि ते टक्कलवाले, तुम्ही उठून नाचलात, तुमच्या पँटचा पट्टा सुटला, मी खालून बघितलं! आणि पुढच्या रांगेत काळा चष्मा लावलेली एक बाई टाळ्या वाजवत होती, तीही बघितलीत ना? दुसऱ्या दिवशी फोटो आला, खाली छापलं होतं, 'पत्नीची खंबीर साथ'. आमच्या घरी आमच्या शेजारणीने तो फोटो बघून डोळे पुसले.

पत्नी! अहो, ती अध्यक्षांची मेहुणी होती! तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तिने पहिली टाळी समोरच्या टीमच्या गोलला वाजवली! मला खालून हातवारे करून थांबवावी लागली.

मग खरी बायको कुठे होती? तेच सांगतोय. अहो, तेच तर सांगतोय, तुम्ही मध्येच खाकरता म्हणून वेळ लागतो.

सुरुवातीपासून ऐका. तोफ्याला घ्यायचं की नाही यावर अध्यक्षांच्या ऑफिसात बैठक. मी तिथे कसा? मी सगळीकडे असतो. मापं घ्यायला आलो म्हणायचं आणि टेप गळ्यात अडकवून कोपऱ्यात उभं राहायचं. गळ्यात टेप असलेल्या माणसाला कुणी बाहेर काढत नाही, हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. तर आमचे सेक्रेटरी, आवाज असा, सुकलेल्या बिजागरीसारखा, "साहेब, मागच्या क्लबात त्याने स्वतःच्याच टीमच्या गोलकीपरचं नाक फोडलंय." अध्यक्ष, ते पाइपच्या कारखान्याचे मालक, बोलतातही पाइपातून बोलल्यासारखे, "फोडलं असेल हो... पण डावा पाय बघा!"

"त्याच्या आधीच्या क्लबात हॉटेलात वेटरच्या तोंडावर बशी मारली."

"गरम होती की गार?"

"बशी साहेब."

"मग काय! डावा पाय बघा!"

"दारू पिऊन गाडी चालवली, दवाखान्याच्या भिंतीत घुसवली."

"दवाखान्याच्याच ना? म्हणजे लगेच उपचार झाले असतील. पण तुम्ही डावा पाय बघा!"

मग सेक्रेटरींनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "आणि... बायको. ती घर सोडून गेली. तिला तो..." आणि हवेत असा हात केला, मारल्यासारखा. पण सेक्रेटरी हडकुळे, तो हात माशी हाकलल्यासारखा दिसला, आणि मी फिस्सकन हसलो. हसलो मी! अध्यक्षांनाही बरं वाटलं, म्हणाले, "ते घरगुती झालं. घरगुती गोष्टी आपण क्लबात आणत नाही." आणि आमचे कोच, ते नेहमी उभ्यानेच बोलतात, "माझ्या हाताखाली द्या, मी माणूस घडवतो! बिघडलेला आणा, घडवून देतो!" यांचा कुत्रा यांच्या हाकेला येत नाही. मी पाहिलंय, मैदानाच्या या टोकाला हे "ये रे, ये रे" करतात आणि त्या टोकाला तो गोलच्या खांबाला पाय वर करतो. तर हे घडवणार!

मग टीव्हीवर त्याचा एक गोल लावला. अहो, काय सांगू... चेंडू डाव्या पायाला असा चिकटला, दोघांच्या मधून, तिसऱ्याच्या डोक्यावरून, आणि जाळ्यात! खोलीत सगळे एकदम, "आहाहा!" सेक्रेटरीसुद्धा! आणि सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं? मी. "डावा पाय बघा!" टेप गळ्यातून खाली पडली.

घेतला. सही झाली, फोटो झाला, आणि मी गेलो माझ्या खोलीत, जर्सी काढली, सुई काढली. गळा असा शिवला की स्वतः ब्रह्मदेवाचं डोकं बाहेर आलं नसतं!

दुसऱ्या दिवशी आला. आणि तुम्हाला सांगतो, मला वाटलं होतं राक्षस येईल. देखणा हो! हसतमुख! आल्या आल्या म्हणाला, "काका, गुडघे कसे आहेत?" माझे गुडघे दुखतात हे माझ्या सख्ख्या मुलाला माहीत नाही! मग त्याने आपला कोट काढला आणि कॅप्टनच्या खुंटीवर टांगला. कॅप्टनच्या कोटाच्या वर. खोलीत इतर खुंट्या मोकळ्या होत्या. तो हसतच होता. आणि आमचा कॅप्टन, तो पुढच्या माणसाच्या पोटऱ्या फोडायला मागेपुढे बघत नाही, त्याने हळूच आपला कोट खालून ओढून काढला आणि कोपऱ्यातल्या खुंटीवर नेऊन टांगला. सगळे आपापले बूट बांधायला लागले. ज्यांचे बांधलेले होते त्यांनी सोडून परत बांधले.

मी जर्सी घेतली, मागे गेलो, कपाटाआड बसलो आणि टाके उसवले. कात्री सापडेना, दातांनी उसवले! तोंडात होते तेवढ्या दातांनी! आणि घडी घालून, दोन्ही हातांनी, अगदी अदबीने दिली. त्याने घातली. डोकं सुळकन बाहेर. पोरं माझ्याकडे बघत होती, मी छताकडे. छताला एक कोळिष्टक होतं, मोठं छान होतं.

बरं, इथपर्यंत सगळं ठीक. मग आले दूधवाले. आमच्या जर्सीच्या छातीवर ज्यांचं नाव असतं ते पिशवीतल्या दुधाचे मालक. त्यांचा माणूस आला, गोरागोमटा, स्वतःच दूध पिऊन मोठा झाल्यासारखा, म्हणाला, "आमचं दूध लहान लेकरं पितात. बायकोला मारणाऱ्याच्या छातीवर आमचं नाव बरं दिसत नाही." अध्यक्ष म्हणाले, "मग पाठीवर टाका!" तो हसला नाही. म्हणाला, "त्यांच्या मिसेसना पहिल्या मॅचला पुढच्या रांगेत बसवा. टाळ्या वाजवू द्या. एक फोटो. मग आमची काही हरकत नाही." म्हणजे बघा हं, मारण्याला हरकत नव्हती, मार खाल्लेलीने टाळ्या वाजवल्या नाहीत याला हरकत होती! पण मला तेव्हा हे सुचलं नाही. मला तेव्हा एवढंच वाटलं की वा, नवीन गंमत.

अध्यक्षांनी बोलावलं. "काका, ती कुठे काम करते ते आम्ही काढलंय. तुम्ही जा, तिला घेऊन या."

"मीच का, साहेब?"

"तुम्ही कुणालाही हसवता."

मी फुगलो. मग ते म्हणाले, "आणि जमलं नाही तर आम्ही सांगू, आम्ही कुणाला पाठवलंच नव्हतं. तुमच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो?" मी जरा उतरलो. पण गेलो हो! घरी बायकोला सांगितलं, तर ही म्हणते, "त्या पोरीने लपून चार घास कमवायला घेतले असतील, आणि तुम्ही तिला हुडकून काढायला निघालात?" मी म्हटलं, "हुडकायला नाही, हसवायला!" ही म्हणाली, "मला कधी हसवलंत ते आठवा, मग जा." मी आठवत आठवत बाहेर पडलो. अजून आठवतोय.

आता यातली माझी कारागिरी ऐका. नुसतं जाऊन विनंती करायची, हे कुणीही करेल. मी म्हटलं, तोफ्यालाच आपण सोबत न्यायचा! अध्यक्षांच्या गाडीत मागे बसवायचा, हातात फुलं द्यायची. मी आत जाऊन तिला हसवून हसवून मऊ करणार, मग खिडकीतून हात करणार, आणि हा फुलं घेऊन आत, ढँटॅढँ! ती चकित! काय गंमत, अं? अध्यक्ष म्हणाले, "काका, तुम्ही वाया गेलात कपड्यांमध्ये."

गाडीत तोफ्या माझ्या शेजारी. इतका गोड बोलत होता हो! मला खिडकीजवळ बसवलं, पेपरमिंटची गोळी दिली, म्हणाला, "काका, तुमच्यासारखं कुणीतरी घरात हवं होतं." माझे डोळे भरून आले. तेवढ्यात ड्रायव्हरने एक वळण चुकवलं, तर याने मागून त्याच्या डोक्यात टपली मारली. जोरात नाही. ड्रायव्हरचा चष्मा तेवढा खाली पडला. तोफ्या हसला, मी हसलो, ड्रायव्हरही हसला, आणि पायाशी चाचपत, न दिसता, गाडी चालवत राहिला. मी खिडकीबाहेर बघत गोळी चघळली. गोळी मात्र चांगली होती.

तो शिवणाचा कारखाना एका गल्लीत, तळमजल्यावर, पुढे मोठं शटर, बाजूला जाळीची खिडकी. नर्सांचे गणवेश शिवतात. आत दोन रांगांत मशिनी, बायका, पांढऱ्या कापडाचे ढीग, आणि आवाज म्हणाल तर... त्यात पलीकडच्या कोपऱ्यात काजाची मशीन, बटणाची भोकं पाडणारी, ती तर अशी ठकठकते की कवटीत सुतारकाम चालल्यासारखं वाटतं! आणि त्या मशीनपाशी ती. बारीकशी, मान खाली, काज झालं की कापड पुढे, काज झालं की कापड पुढे. मालक धावत आला, मी क्लबचं नाव सांगितलं तर खूश! मला म्हणतो, "या मशीनपाशी कुणी टिकायचं नाही हो, चार दिवसांत डोकं धरून पळायच्या. ही आली, म्हणाली मला चालेल. डावा कान गेलाय तिचा, त्या बाजूला ऐकूच येत नाही. आम्हाला काय, बरंच झालं! कान जाऊ दे... पण हात बघा, हात!"

मी हसलो. म्हटलं, अरे वा, आमचंच गाणं, फक्त अवयव वेगळा! आता तोच मालक मला शिव्या घालतो, कारण दुसऱ्या दिवसापासून ती तिथे आलीच नाही, ते हातही गेले, आणि कुठे गेले ते मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. ...सांगितलं असतं. माझं तोंड मला माहीत आहे. म्हणूनच बरं आहे माहीत नाही ते.

तर मी एक स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसलो, आणि सुरू! जर्सीच्या गळ्याची गंमत, सगळी, हातवारे करून, "काका, ओ काका" करत कपाटावर आपटून दाखवलं. ढिम्म. मी म्हटलं, अवघड गिऱ्हाईक आहे. मग कोचच्या कुत्र्याची. खांब, पाय वर, सगळं करून दाखवलं, या वयात एका पायावर उभा राहिलो! ढिम्म! काज झालं, कापड पुढे. मी घामाघूम. मग माझा हुकमी एक्का, अध्यक्षांच्या पोटाची, आवाजासकट... आणि मागे सगळ्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. मी खुललो! वाकून दाद घेतली! तेव्हा कॉलर शिवणारी एक धिप्पाड बाई म्हणाली, "काका, तुम्ही बंद कानाकडे बसलाय."

अहो, अख्खा कार्यक्रम मी भिंतीला करून दाखवला होता! उठलो, स्टूल घेतलं, वळसा घालून उजवीकडे बसलो. ती म्हणाली, "आता सांगा. काय म्हणत होता?" आता तुम्ही सांगा, तोच विनोद, तोच माणूस, लगेच दुसऱ्यांदा... तोंडात माती घातल्यासारखा लागतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कान जन्मापासून असा का?"

"नाही," ती म्हणाली. "लग्नापासून."

काज झालं, कापड पुढे.

मग मी गळ्याची गंमत परत सांगितली, जरा आटोपशीर. तिने नीट ऐकली. आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "प्रत्येकाचा गळा शिवता?"

"प्रत्येकाचा!"

"त्याचाही शिवलात?"

काय पण प्रश्न! मी म्हटलं, "त्या दिवशी नेमका दोरा संपला होता."

तिने खण उघडला, जाड पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "माझ्याकडे भरपूर आहे. घेऊन जा." आणि मागे त्या बायका अशा हसल्या, अशा हसल्या! आयुष्यभर मी लोकांना हसवलं, पण त्या दिवशीचं हसणं माझ्या खात्यातलं नव्हतं.

तरी मी हटलो नाही. म्हटलं, "पोरी, एक दुपार फक्त. पुढची रांग, मऊ खुर्ची, डोक्यावर सावली. बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही. सुधारलाय तो आता."

"कशावरून?"

"कोच म्हणतात."

"कोचना कसं कळलं?"

"गोल मारतो ना रोज!"

तिने बोटाने काजातला एक सुटा धागा काढला. मग हळूच, इतकं हळू की त्या ठकठकीत मला वाकावं लागलं, म्हणाली, "काका, मी इथे आहे हे त्याला माहीत आहे का?"

आणि तुम्हाला सांगतो, मला वाटलं, आली! वेळ आली! याच क्षणासाठी माणूस गंमत करतो! मी उठलो, दोन्ही हात पसरले, "माहीत? अगं, तो बाहेर गाडीत बसलाय, फुलं घेऊन! ढँटॅढँ!" आणि खिडकीशी जाऊन जोरजोरात हात केला.

तिचा पाय मशीनवरून उचलला गेला. ठकठक थांबली. मग शेजारची मशीन थांबली, मग तिच्या मागची, मग एकेक करत सगळी रांग. तुम्ही कधी असा कारखाना थांबलेला ऐकलाय? ऐकू नका. ती धिप्पाड बाई उठली, कोपऱ्यातला आकडा घेतला, शटरला अडकवला आणि खर्रर्र... खाली! आतून कुलूप! मालक बाहेर होता, तोफ्याची सही घ्यायला पळाला होता, तो बाहेरच राहिला. आणि मी आत! इतक्या बायकांत एकटा, मांडीवरून पडलेलं रीळ पायाशी घरंगळत, आणि एकही माझ्याकडे बघेना.

बाहेरून आवाज आला, गोड, गोळीसारखा गोड, "काका? काय झालं? उघडा ना."

मी उघडायला हात पुढे केला. सवयीने. त्या बाईने आकडा माझ्याकडे नुसता वळवला. मी हात खिशात घातला.

"मी फक्त बोलणार आहे हो तिच्याशी. दोन मिनिटं." मग मालकाचा आवाज, "साहेब, इथे, इथे सही करा, मुलीसाठी आहे..." मग काही नाही. मग, "ए! बाहेर ये." हे तिला. अहो, तोच आवाज, तोच माणूस, पण मला वाटलं तिसराच कुणी आलाय. "ए! ऐकू येत नाही का?"

आता काय बोलावं! ऐकू येत नाही का, हे कुणी विचारावं?

आणि मग लाथ. शटरवर. अहो, असा आवाज की कापडाचे ढीग हलले! पत्रा आत फुगला, एवढा, गुडघ्याच्या उंचीवर, बुटाच्या पुढच्या भागाचा गोल उमटला! मालक बाहेरून ओरडतोय, "साहेब, शटर नवीन आहे हो!" दुसरी लाथ! तिथेच, बरोबर त्याच जागेवर, बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. काय नेम! सेक्रेटरींनी हात हलवला होता तेव्हा मी हसलो होतो ना, माशी हाकलल्यासारखा... तर ती माशी ही अशी.

बायका भिंतीला टेकल्या होत्या. एक कापडात तोंड खुपसून बसली होती. आणि ती? ती जागची हलली नाही. ओरडली नाही, रडली नाही. फक्त मान वळवली, आणि बंद कान शटरकडे केला.

आणि मग शांतता. बाहेर शांतता, आत शांतता. आणि आता सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, सगळ्या, एकदम. मला शांतता सोसत नाही हो! जन्मात सोसली नाही! कुणी मेलं तरी मी तिथे काहीतरी बोलतो. काहीतरी बोलायलाच हवं होतं, तोंड उघडलंच होतं, आणि उघड्या तोंडात जे तयार होतं तेच बाहेर आलं, मी त्या फुगलेल्या पत्र्याकडे बोट केलं आणि हसत, अहो हसत म्हटलं, "काही म्हण पोरी... पण डावा पाय बघा!"

ती माझ्याकडे वळली. चांगला कान माझ्याकडे करून, मी नीट म्हटलंय ना याची खात्री केल्यासारखी.

"बघितलाय, काका," ती म्हणाली. "तुम्ही तो गॅलरीत बसून बघता. मी फरशीवर पडून बघितलाय."